साडेनऊ लाख लेखांचा साइटमॅप

जुन्या नियतकालिकांच्या एका डिजिटल संग्रहाचं तांत्रिक काम माझ्याकडे आलं, तेव्हा संग्रहात साडेनऊ लाखांच्या आसपास लेख होते. प्रत्येक लेखाला स्वतःचं पान. त्यावर स्कॅन केलेली प्रतिमा, खाली ओसीआरने (प्रतिमेतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने) काढलेला मजकूर, लेखकाचं नाव, अंक, वर्ष. कित्येक माणसांनी वर्षानुवर्षं बसून केलेलं काम. त्यातले जेमतेम तीन लाख लेख गुगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधात दाखवता येणाऱ्या पानांच्या यादीत, होते. बाकीचे संग्रहाच्या स्वतःच्या शोधपेटीत सापडायचे, पण ती पेटी वापरायला मुळात असा संग्रह आहे हे ठाऊक असावं लागतं. आपल्या विषयावर पूर्वी कुणी काही लिहिलंय का, हे शोधायला माणूस आधी सर्च इंजिनकडेच जातो. त्याच्या दृष्टीने उरलेले साडेसहा लाख लेख नसल्यातच जमा होते. जपून ठेवलेली गोष्ट सापडत नसेल तर जपण्याचं अर्धं काम बाकीच आहे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची सर्च इंजिनसाठी केलेली यादी, नव्हता असं नाही. रोज रात्री एक प्रोग्राम चालायचा, एकोणीस-वीस एक्सएमएल फाइली तयार करायचा आणि सर्च कन्सोलमध्ये (गुगलला आपली साइट कशी दिसते हे साइटमालकाला दाखवणाऱ्या साधनात) त्यांच्यासमोर ‘यशस्वी’ असा हिरवा शेरा दिसायचा. त्या शेऱ्यामुळे बरीच वर्षं कुणाला शंका आली नाही. पण त्याचा अर्थ एवढाच, की फाइल मिळाली आणि वाचता आली. आत दिलेले पत्ते खरे आहेत का, ती पानं घेण्याजोगी आहेत का, घेतली गेली का, यांतल्या कशाचीच ग्वाही तो शेरा देत नाही.

साइटमॅपचा नमुना तसा जुना आणि अगदी साधा आहे. गुगलने तो जून २००५ मध्ये आणला. नोव्हेंबर २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही तोच स्वीकारला आणि ०.९० ही आवृत्ती सगळ्यांची सामाईक झाली. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि उलगडलेल्या अवस्थेत जास्तीत जास्त ५० एमबी. पूर्वी ही मर्यादा १० एमबी होती. त्याहून जास्त पत्ते असतील तर अनेक फाइली करायच्या आणि त्यांची यादी देणारी एक अनुक्रमणिका-फाइल करायची. प्रत्येक पत्त्यासोबत तीन गोष्टी हव्या तर लिहिता येतात: पान शेवटचं कधी बदललं, किती वेळा बदलतं, आणि आपल्या दृष्टीने त्याचं महत्त्व किती. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी गुगल वाचतच नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. आमच्या प्रोग्रामने मात्र प्रत्येक लेखासमोर ‘रोज बदलतो’ आणि ‘महत्त्व १.०’ असं इमानेइतबारे लिहून ठेवलं होतं. शंभर वर्षांपूर्वी छापलेला लेख रोज कसा बदलेल!

त्या दोन ओळी काढून टाकणं सोपं होतं. खरा घोळ पहिल्या गोष्टीत होता, म्हणजे शेवटच्या बदलाच्या तारखेत.

ती तारीख, लास्टमॉड, आमच्याकडे प्रत्येक पानासाठी एकच असायची: फाइल ज्या रात्री तयार झाली त्या रात्रीची. म्हणजे रोज सकाळी आम्ही सर्च इंजिनला सांगत होतो, की साडेनऊ लाख पानं काल रात्री बदलली. क्रॉलर, म्हणजे सर्च इंजिनचा पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, दोन-चार हजार पानं उघडून बघणार, त्यांत काहीच बदललेलं नाही हे त्याला कळणार, आणि मग पुढे तो त्या तारखेकडे लक्षच देणार नाही. गुगलचं म्हणणंही नेमकं हेच आहे: ही तारीख सातत्याने आणि पडताळून खरी निघत असेल तरच ती वापरू. एकदा विश्वास गेला की मग ज्या पानात खरोखर बदल झालाय त्याचीही तारीख वाया जाते. आमच्याकडे तर खरे बदल होत होते! स्वयंसेवक ओसीआरच्या चुका दुरुस्त करत होते, अगदी ओळीओळीने. गिचमिड अक्षरांच्या जागी वाचता येणारा परिच्छेद उभा राहत होता, आणि सर्च इंजिन मात्र चार वर्षांपूर्वीची गिचमिडच धरून बसलं होतं.

त्यामुळे पहिलं मोठं काम हे ठरलं, की तारीख खरी करायची. डेटाबेसमध्ये ‘अद्ययावत केल्याची वेळ’ असा एक रकाना होता, पण त्याचा उपयोग नव्हता. कारण कुणी लेख वाचला की वाचकसंख्या वाढायची आणि तोही रकाना बदलायचा. शेवटी प्रत्येक लेखाच्या शीर्षक, लेखक, मजकूर आणि टिपा एवढ्याच भागाचा हॅश (मजकुरावरून काढलेली, मजकूर बदलला की बदलणारी खूण) काढून ठेवला. हॅश बदलला तरच तारीख बदलते. पानाच्या कडेची ‘आणखी वाचा’ची यादी बदलली, तळाचं वर्ष बदललं, मांडणी बदलली, तर तारखेला हात लावायचा नाही. ज्या लेखांची खरी तारीख सांगताच येत नव्हती, तिथे ती ओळ गाळली. खोट्या तारखेपेक्षा कोरी जागा बरी, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर वळले फाइलींच्या विभागणीकडे. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याविषयी लिहिलेलं फार कमी दिसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुना प्रोग्राम लेख नव्यापासून जुन्याकडे लावायचा आणि दर ५०,००० ला एक फाइल कापायचा. याचा परिणाम असा, की आज दहा नवे लेख आले की पहिल्या फाइलीतले शेवटचे दहा दुसरीत सरकायचे, दुसरीतले तिसरीत, आणि असं करत करत रोज सगळ्याच फाइली बदलायच्या. अनुक्रमणिकेत प्रत्येक फाइलीचीही लास्टमॉड देता येते आणि तिच्यावरून कुठली फाइल पुन्हा उचलायची हे क्रॉलरला कळतं, पण आमच्या बाबतीत त्या माहितीला काही अर्थच उरला नव्हता. शिवाय डेटाबेसमधून ‘इतके लाख सोडून पुढचे ५०,००० दे’ असं मागितलं की डेटाबेस ते सोडायचे लाखही मोजत बसतो. शेवटच्या फाइलीपर्यंत पोचता पोचता सर्व्हरला धाप लागायची.

मी विभागणी दोन पायऱ्यांवर केली. आधी पानाचा प्रकार: लेख, अंक, लेखक, विषय. मग लेखांमध्ये प्रकाशनाचं दशक, आणि दशकाच्या आत लेखाच्या क्रमांकाचे ठरलेले पल्ले. क्रमांक १ ते १०,००० एका फाइलीत, १०,००१ ते २०,००० पुढच्या. एखादा लेख काढून टाकला तर त्या फाइलीत एक जागा कमी होते, पण बाकी कुणी जागचं हलत नाही. डेटाबेसलाही ‘या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंत’ असं मागता येतं, आणि ते तो झटक्यात देतो. फाइली शंभराच्या वर गेल्या. मर्यादा ५०,००० ची असताना १०,००० वरच का थांबायचं, असं मला विचारलं गेलं. त्याचं कारण सर्च कन्सोलमध्ये आहे. पानांच्या इंडेक्सिंगचा अहवाल एकेका साइटमॅपपुरता गाळून पाहता येतो, पण उदाहरणादाखल जास्तीत जास्त १,००० पत्तेच दाखवतो. साडेनऊ लाखांमागे हजार उदाहरणं म्हणजे अंधारात चाचपडणं. दहा हजारांमागे हजार असली की आजार कुठे आहे ते दिसायला लागतं. गाळण नीट चालावी म्हणून प्रत्येक फाइल स्वतंत्रपणेही सादर केली. हाताने नव्हे, सर्च कन्सोलच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामने थेट काम करायच्या सोयीतून.

बोजा पत्त्यांच्या लांबीचाही असतो. आमचे पत्ते देवनागरी शीर्षकांचे होते. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात टाकताना टक्के-चिन्हांच्या रूपात नऊ अक्षरं होतं. ‘ग्रंथालय’ एवढाच शब्द पत्त्यात ७२ अक्षरांचा होतो! ५० एमबीला ५०,००० ने भागलं तर एका नोंदीच्या वाट्याला सरासरी हजारभर बाइट येतात. लांब शीर्षक आणि सोबत इतर भाषांतल्या आवृत्त्यांचे पत्ते असले की पत्त्यांची मर्यादा गाठण्याआधीच आकाराची मर्यादा भरते. एकेक पत्ताही २,०४८ अक्षरांच्या आत लागतो. नव्या लेखांसाठी आम्ही पत्त्यात क्रमांक आणि लहान शीर्षक एवढंच ठेवलं. जुने पत्ते मात्र बदलले नाहीत. लोकांनी ते ठिकठिकाणी उद्धृत केलेले आहेत, आणि संग्रहाचा पत्ता टिकला पाहिजे.

फाइल लिहिण्याच्या पद्धतीतही दोन दुरुस्त्या केल्या. पत्त्यातलं ‘&’ हे चिन्ह एक्सएमएलमध्ये जसंच्या तसं लिहिलं की फाइल तिथेच अवैध ठरते. त्यामुळे हाताने ओळी जोडणं बंद करून एक्सएमएल लिहिणारी लायब्ररी वापरली. आणि फाइल तयार होत असतानाच क्रॉलर आला तर त्याला अर्धवट फाइल मिळायची, म्हणून आधी दुसऱ्या नावाने पूर्ण लिहायची, तपासायची, जीझिप करायची (दाबून लहान करायची) आणि मग एका झटक्यात नाव बदलायचं.

इतकं झाल्यावर साइटमॅप, म्हणजे आमचा नकाशा, नीटनेटका झाला होता. खरा झाला होता का, ते बघायचं होतं.

आमच्या संग्रहात एक ज्येष्ठ ग्रंथपाल मॅडम आहेत. त्यांना साइटमॅप म्हणजे काय ते सांगत होते, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे दाखलनोंदवही की! मग तुम्ही साठा पडताळणी केव्हा करणार?” ग्रंथालयात दाखलनोंदवही घेऊन कपाटासमोर उभं राहतात आणि नोंदलेलं प्रत्येक पुस्तक जागेवर आहे का ते बघतात. मी पुढे जे काही केलं त्याची दिशा या एका प्रश्नाने ठरली.

पडताळणीसाठी चार याद्या समोरासमोर ठेवल्या. डेटाबेसप्रमाणे कोणती पानं असायला हवीत. साइटमॅपमध्ये कोणती सांगितली आहेत. सर्व्हरच्या लॉगप्रमाणे (आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदीप्रमाणे) क्रॉलर खरोखर कुठे आला. आणि सर्च कन्सोलप्रमाणे इंडेक्समध्ये काय गेलं. लॉग वाचताना एक सावधगिरी लागते. गुगलबॉटचं, म्हणजे गुगलच्या क्रॉलरचं, नाव लावून फिरणारे भुरटे प्रोग्राम पुष्कळ असतात. ज्या आयपी पत्त्यावरून तो आला त्याचं उलट डीएनएस काढून (म्हणजे त्या पत्त्यामागचं नाव शोधून) ते गुगलच्या डोमेनवर जातं का, आणि तिथून परत त्याच आयपीवर येतं का, हे तपासल्याशिवाय त्याची भेट मोजायची नाही.

पहिल्या दोन याद्यांतच फरक निघाला. नकाशातले हजारो पत्ते स्वत्वाधिकाराच्या (कॉपीराइटच्या) कारणाने काढून टाकलेल्या लेखांचे होते. ते उघडले की ‘हा लेख उपलब्ध नाही’ असं पान यायचं, पण सर्व्हर मात्र २०० हा कोड द्यायचा, म्हणजे सगळं आलबेल! सर्च इंजिन अशा पानांना सॉफ्ट ४०४ म्हणतं (४०४ म्हणजे ‘पान सापडलं नाही’). ती पानं नकाशातून काढली आणि सर्व्हरकडून ४१० द्यायला लावलं: होतं, आता कायमचं नाही. पुष्कळ पत्ते अजून एचटीटीपीचे होते, जरी साइट केव्हाच एचटीटीपीएसवर गेली होती; म्हणजे प्रत्येक पत्त्यावर क्रॉलरला एकदा वळसा. काही लेख दोन-दोन पत्त्यांवर होते, एक अंकाच्या वाटेने आणि एक विषयाच्या वाटेने, आणि नकाशात दोन्ही. नकाशात फक्त कॅनॉनिकल, म्हणजे त्या पानाचा मुख्य ठरवलेला, पत्ताच असावा. पान एक सांगतंय आणि नकाशा दुसरंच, असं झालं की सर्च इंजिन स्वतःच्या मताने निवड करतं.

तिसऱ्या यादीने डोळे उघडले. लॉगप्रमाणे क्रॉलरच्या निम्म्याहून अधिक भेटी आमच्या नकाशात नसलेल्या पत्त्यांवर होत होत्या: गाळण्यांच्या पानांवर. विषय निवडा, दशक निवडा, भाषा निवडा, क्रम बदला. प्रत्येक निवडीचा वेगळा पत्ता, आणि प्रत्येक पत्त्यावर पुढच्या निवडींचे दुवे. अशा पत्त्यांना अंत नसतो. साइटमॅपमध्ये एखादा पत्ता न घालणं म्हणजे क्रॉलरला तिथे जायला मनाई करणं नव्हे. तो दुव्यांवरून जाणारच. मग रोबोट्स फाइलीत (क्रॉलरने कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलीत) त्या गाळण्यांना मज्जाव केला. त्याच फाइलीत साइटमॅपचा पूर्ण पत्ताही देता येतो. २००७ पासून सर्च इंजिनं तो तिथून स्वतःहून उचलतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ज्या पानावर ‘इंडेक्स करू नका’ अशी खूण केली आहे ते पान रोबोट्स फाइलीत अडवायचं नाही, कारण अडवलं तर क्रॉलर पान उघडणार नाही आणि खूण त्याला दिसणारच नाही.

लॉगमध्ये आणखी एक खड्डा दिसला. मध्यरात्रीनंतर दोनेक तास क्रॉलरला ५०३ (‘सर्व्हर सध्या उपलब्ध नाही’) मिळत होता, कारण त्याच वेळी बॅकअप चालायचा. ५०० च्या घरातले कोड किंवा ४२९ (‘विनंत्या फार झाल्या’) वारंवार मिळाले की गुगलचा क्रॉलर आपला वेग उतरवतो, आणि तो परत चढायला वेळ घेतो. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर नेला. मोठ्या प्रतिमा पानासोबत न पाठवता गरजेनुसार पाठवायला लावल्या. न बदललेल्या पानासाठी ३०४ (‘बदल नाही’) द्यायला सुरुवात केली. सर्च कन्सोलच्या क्रॉल अहवालात सरासरी प्रतिसादाचा वेळ उतरत गेला आणि रोजच्या विनंत्यांची रेघ हळूहळू वर सरकली. यात साइटमॅपची एक ओळही बदललेली नव्हती, पण दमलेल्या सर्व्हरपुढे उत्तम नकाशाही काही करू शकत नाही.

आता चौथी यादी. न घेतलेल्या पानांचे तिथे मुख्यतः दोन ढीग होते आणि त्या दोहोंत गल्लत केली की सगळी मेहनत चुकीच्या दिशेला जाते. पहिला ढीग: ‘पत्ता सापडला, पण सध्या इंडेक्स केलेला नाही.’ म्हणजे क्रॉलर अजून दारातही आलेला नाही. दुसरा: ‘क्रॉल केलं, पण सध्या इंडेक्स केलेलं नाही.’ म्हणजे आला, वाचलं, आणि नको म्हणाला. पहिल्या ढिगाचं औषध सर्व्हरच्या वेगात, गाळण्या अडवण्यात आणि पानापर्यंतच्या वाटेत असतं. दुसऱ्याचं औषध पानाच्या मजकुरात असतं. तिथे साइटमॅप शंभर वेळा सादर करून काही होत नाही.

नवी विभागणी इथे उपयोगी पडली. पहिल्या ढिगातली पानं सगळ्या दशकांत सारखी पसरलेली नव्हती. ती तीन-चार दशकांत एकवटली होती. बघितलं तर त्या दशकांतल्या लेखांना साइटवर दुवाच नव्हता. ते आयात झाले होते, शोधपेटीतून सापडत होते, पण वर्षावरून अंकावर आणि अंकावरून लेखावर अशी चालत जायची वाट त्यांना नव्हती. नकाशात नाव असलं तरी ज्या पानाला आपणच कुठून दुवा देत नाही, त्याची घाई सर्च इंजिनने का करावी? त्या दशकांची अंक-पृष्ठं तयार केली, प्रत्येक लेखावर मागचा-पुढचा लेख असे दुवे दिले. मला विचाराल तर सगळ्या खटाटोपात सर्वाधिक फळ या कामाला आलं. पुढच्या काही महिन्यांत त्याच फाइलींमधला ‘सापडला’चा आकडा उतरत आणि ‘इंडेक्स केलं’चा चढत गेला. एक फाइल मुद्दाम मागे ठेवली होती, तिच्या दशकाला दुवे सगळ्यात शेवटी दिले. ती तोवर जिथल्या तिथे राहिली, आणि त्यामुळे फरक दुव्यांचाच आहे याची खात्री पटली.

दुसरा ढीग अधिक अवघड होता. त्यात लेखकांची पानं होती, लाखाच्या वर. बहुतेक पानांवर एक नाव आणि एका लेखाचा दुवा, बस्स. मी मॅडमना म्हटलं, “ही पानं नकाशातून काढावीत म्हणतेय. सर्च इंजिनला त्यांत काहीच सापडत नाही.”

“काढायची? त्या माणसाने आयुष्यात एकच लेख लिहिला म्हणून त्याला पान नको?”

“पान राहील हो मॅडम. फक्त आपण ते पुढे करणार नाही.”

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी तळघरातून लाकडी खण मागवले. त्यांत त्यांच्या आधीच्या लोकांनी केलेली लेखकांची कार्डं होती: टोपणनाव, नावाची दुसरी लेखनपद्धती, जन्म-मृत्यूची वर्षं, व्यवसाय, इतर कुठल्या नियतकालिकांत लिहिलं. कधीच डिजिटल न झालेली! त्यातली जमतील तितकी कार्डं आम्ही टंकून लेखकांच्या पानांवर घातली. ज्या पानांवर ही माहिती आली ती एका वेगळ्या साइटमॅप फाइलीत ठेवली, आणि ज्यांच्याविषयी काहीच मिळालं नाही ती नकाशाबाहेर, आद्याक्षरांच्या यादीतून पोचता येतील अशी. वेगळ्या फाइलीतली पानं सावकाश पण स्पष्टपणे इंडेक्समध्ये जाऊ लागली. सगळी गेली नाहीत. पण टोपणनावाने शोधणारा माणूस आता खऱ्या नावापर्यंत पोचतो, आणि तसा शोध होतोय हे सर्च कन्सोलमधल्या शोधशब्दांत दिसतं. याचा मला जितका आनंद झाला तितका कुठल्याही आलेखाचा झाला नाही.

बदल कळवायच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. जुना प्रोग्राम रोज रात्री गुगलच्या पिंग पत्त्यावर ‘नवा साइटमॅप आला’ असा निरोप पाठवायचा. गुगलने ती सोय बंद करत असल्याचं जून २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. आमच्या निरोपाला कितीतरी दिवस ४०४ येत होता आणि कुणी तो वाचत नव्हतं. ती ओळ काढली. बिंगसाठी इंडेक्सनाऊ लावलं. मायक्रोसॉफ्ट आणि यांडेक्सने २०२१ मध्ये आणलेली ही पद्धत बदललेले पत्ते थेट कळवते, एका खेपेला १०,००० पर्यंत. ओसीआर दुरुस्त झालेल्या लेखांसाठी ती फार चांगली आहे. गुगल त्यात नाही, तिथे खरी लास्टमॉड हाच निरोप. गुगलचा इंडेक्सिंग एपीआय वापरा असा सल्लाही मला मिळाला. तो नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी आहे. लेखांसाठी तो वापरणं नियमाला धरून नाही, आणि संग्रहासारख्या संस्थेने तसल्या वाटेला जाऊ नये.

एखादं पान इंडेक्समध्ये आहे का हे एकेक तपासायलाही एपीआय आहे, पण दिवसाला एका साइटसाठी २,००० पत्त्यांची मर्यादा. साडेनऊ लाख त्यात बसत नाहीत. म्हणून प्रत्येक फाइलीतून थोडे पत्ते यदृच्छेने उचलून आम्ही रोज तपासतो. एखाद्या दशकाची टक्केवारी अचानक घसरली तर ते दुसऱ्या दिवशी कळतं. एकदा एका दशकाच्या पानांवर कॅनॉनिकलचा टॅग चुकीच्या पत्त्याकडे वळला होता, ते असंच पकडलं गेलं. नुसता एकूण आकडा बघत बसलो असतो तर ती घसरण त्यात बुडून गेली असती.

आज सहा लाखांहून जास्त लेख इंडेक्समध्ये आहेत. उरलेल्यांतले बरेचसे दुसऱ्या ढिगात आहेत आणि त्यांचं कारण आता आम्हाला ठाऊक आहे: शिळाप्रेसवर छापलेले अंक. त्यांच्या ओसीआरमधून निघालेला मजकूर कुठल्याच भाषेचा वाटत नाही. सर्च इंजिन तो घेत नाही यात त्याचा दोष नाही. हे अंक स्वयंसेवक हाताने टंकत आहेत. जसजसा एकेक अंक पुरा होतो तसतसे त्याचे लेख जुन्या पल्ल्याच्या फाइलीतून काढून ‘टंकलेले’ अशा नावाच्या वेगळ्या फाइलीत टाकतो. पल्ले मोडायचे नाहीत हा नियम इथे मी जाणूनबुजून सोडलाय, कारण टंकलेल्या लेखांचं पुढे काय होतं ते स्वतंत्र दिसलं पाहिजे. त्या फाइलीत सध्या काही शे लेख आहेत आणि पहिल्या दोन अंकांमधले बहुतेक इंडेक्समध्ये गेले आहेत. आणखी चार अंक टंकून झाले की ही गती टिकते का ते कळेल, आणि मग कुठले अंक आधी घ्यायचे हे मॅडम आणि मी त्यावरून ठरवू.